कोणता लेप्टॉन कोणत्या बी-जेटचा? टक्करींमधल्या जोड्या लावायला शिकताना

आजीनं दोघा नातवांना प्रत्येकी ५०० रुपये दिले. दोघांनी इंदूरच्या राजवाड्याजवळ एकेक कपडा घेतला, रात्री सराफ्यात खाल्लं, आणि उरलेले पैसे जिथे पावती मिळत नाही अशा ठिकाणी खर्च केले. सकाळी टेबलावर चार कागद होते: कपड्यांच्या पावत्या ३४० आणि १५०, खाण्याची बिलं ३१० आणि १२०. कोणतं बिल कोणाचं? ३४० आणि ३१० एकाच मुलाचे असूच शकत नाहीत, कारण बेरीज ६५० होते आणि प्रत्येकाच्या खिशात ५००च होते. म्हणजे ३४० बरोबर १२० आणि ३१० बरोबर १५०. मुलांना उठवायचीही गरज पडली नाही.

रविवारी सकाळी माझ्याकडे एम.एस्सी.ची तीन-चार मुलं येतात, पोहे होतात आणि मग लॅपटॉप उघडतात. कोलायडरमधल्या (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातल्या) जोड्यांचा, म्हणजे कोणता तुकडा कोणत्या मोडलेल्या कणातून आला याचा, प्रश्न मी त्यांना नेहमी या पावत्यांपासून शिकवतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट पुढे उपयोगी पडते. दोन सारखे जनक (म्हणजे मोडणारे कण), प्रत्येकाची ठाऊक असलेली मर्यादा, दिसणारे तुकडे, आणि न दिसता निघून गेलेला काही भाग. हा लेखही त्याच क्रमानं जातो. तुम्हाला थोडं पायथन आणि विशेष सापेक्षतेतली ऊर्जा-संवेगाची समीकरणं येत असली की पुरे.

इंदूरकरांसाठी हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. ज्याला आपण अजूनही ‘कॅट’ म्हणतो त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा एलएचसीच्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या मोठ्या कोलायडरच्या, उभारणीत वाटा आहे. त्या सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात पंधरा मीटर लांबीचे १२३२ द्विध्रुवी चुंबक आहेत, आणि प्रत्येक चुंबक भारतात बनलेल्या तीन जॅकवर अगदी अचूक बसवलेला आहे. आयआयटी इंदूरचा गट तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे. मला स्वतःला एक योगायोग फार आवडतो: कॅटमधल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा परीघ सुमारे १७२.५ मीटर आहे आणि टॉप क्वार्क या मूलकणाचं वस्तुमान सुमारे १७२.५ जीईव्ही (हे कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक, वस्तुमान आणि संवेगही त्यातच सांगतात). दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आकडा पक्का लक्षात राहतो, आणि आपल्याला तो सतत लागणार आहे.

आधी साखळी कागदावर काढा

कोड लिहिण्याआधी कोण कोणात मोडतं ते हातानं काढा. आपलं उदाहरण टॉप आणि प्रतिटॉपच्या जोडीचं. टॉप १९९५ मध्ये फर्मीलॅबमध्ये सापडला आणि आज एलएचसीवर तो भरपूर तयार होतो. प्रत्येक टॉप जवळजवळ नेहमीच एक बी-क्वार्क आणि एक डब्ल्यू नावाचा कण यांत मोडतो. क्वार्क एकटा दिसत नाही, त्यातून कणांचा एक फवारा निघतो, त्याला जेट म्हणतात. दोन्ही डब्ल्यू लेप्टॉन (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन) आणि डिटेक्टरला न दिसणारा न्यूट्रिनो यांत मोडले, तर डिटेक्टरमध्ये दोन बी-जेट, विरुद्ध विद्युतभाराचे दोन लेप्टॉन आणि हरवलेला आडवा संवेग एवढंच दिसतं. आडवा म्हणजे किरणपुंजाच्या दिशेला काटकोनात असलेला. पुंजाच्या दिशेनं किती संवेग हरवला हे हॅड्रॉन कोलायडरमध्ये कळत नाही, कारण प्रोटॉनमधल्या नेमक्या कोणत्या हिश्शांची टक्कर झाली हेच आपल्याला ठाऊक नसतं.

लेप्टॉनचा भार कळतो. बी-जेट मात्र बी-क्वार्कचं होतं की प्रति-बीचं, हे प्रत्येक टक्करीत खात्रीनं सांगता येत नाही. आपला सगळा प्रश्न इथेच आहे. धन लेप्टॉन पहिल्या जेटबरोबर लावायचा की दुसऱ्या? शक्यता फक्त दोन.

दोनच असणं हे भाग्य समजा. एका डब्ल्यूची दोन जेट झाली की चार जेटची वाटणी १२ प्रकारे होते. दोन्ही डब्ल्यूंची जेट झाली की सहा जेटच्या ९० वाटण्या होतात. बी-जेट ओळखता आली तर हेच आकडे २ आणि ६ वर येतात, म्हणून बी-टॅगिंगला इतका मान. पण टॅगिंगही फुकट मिळत नाही. ७० टक्के कार्यक्षमतेची पातळी निवडली तर दोन्ही बी सापडण्याची शक्यता सुमारे ४९ टक्केच राहते. दोन हिग्ज कणांची मिळून चार बी-जेट झाली तर वाटण्या ३. आपल्या साखळीतल्या शक्यता आधी मोजा, कारण नुसत्या नशिबानं किती वेळा बरोबर येईल हे त्यातूनच कळतं आणि पुढची प्रत्येक सुधारणा त्याच्याशी ताडून पाहायची असते. आपल्या उदाहरणात नाणं उडवूनच ५० टक्के मिळतात.

उत्तर माहीत असलेल्या टक्करी तयार करा

खऱ्या डेटात बरोबर जोडी कुठे लिहिलेली नसते, म्हणून सुरुवात सिम्युलेशनपासून. मॅडग्राफनं टक्कर घडवा, पायथियानं क्वार्कांचे फवारे करा, डेल्फीसनं डिटेक्टरचा धूसरपणा आणा. तिन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पण पहिल्या दिवशी फक्त मॅडग्राफच वापरा. दहा हजार टक्करी घ्या, जेट नकोत, थेट बी-क्वार्क. धूसरपणा नसताना तत्त्व स्वच्छ दिसतं, आणि पुढे काही बिघडलं तर ते गणितात बिघडलं की डिटेक्टरमुळे, हे सांगता येतं. घाई करणारे इथेच अडतात.

बरोबर जोडी ओळखण्यासाठी प्रत्येक कणाचा पीडीजी क्रमांक, म्हणजे त्या प्रकारच्या कणाला दिलेला ठराविक आकडा, पाहा. बी-क्वार्क ५, प्रति-बी उणे ५. इलेक्ट्रॉन ११, म्युऑन १३. इथे एक खड्डा आहे: क्रमांकाचं चिन्ह म्हणजे विद्युतभाराचं चिन्ह नव्हे. उणे ११ हा पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित. टॉपमधून बी आणि धन लेप्टॉन निघतात, म्हणून बरोबर जोडी ५ आणि उणे ११ अशी, किंवा ५ आणि उणे १३ अशी. दोन क्रमांकांचा गुणाकार ऋण आला की जोडी बरोबर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उलट लावलं होतं आणि दोन दिवस माझी ‘बरोबर’ जोडी मर्यादा ओलांडत होती. तुमच्याही आलेखात तसं झालं तर आधी हे चिन्ह तपासा.

पहिलं हत्यार: बी आणि लेप्टॉनचा इनव्हेरिअंट मास

एका टॉपमधून निघालेल्या बी आणि लेप्टॉन यांचा मिळून इनव्हेरिअंट मास, म्हणजे दोघांच्या एकत्रित ऊर्जा-संवेगावरून येणारं वस्तुमान, काढा. त्याला एम-बीएल म्हणतात. न्यूट्रिनो काही ना काही घेऊन जातो, त्यामुळे या आकड्याला वरची मर्यादा असते. बी आणि लेप्टॉनची स्वतःची वस्तुमानं सोडून दिली, तर त्या मर्यादेचा वर्ग म्हणजे टॉपच्या वस्तुमानाचा वर्ग वजा डब्ल्यूच्या वस्तुमानाचा वर्ग. १७२.५ आणि ८०.४ घातले की मर्यादा येते सुमारे १५३ जीईव्ही. ही आजीच्या ५०० रुपयांची जागा. चुकीच्या जोडीतले दोन कण वेगवेगळ्या टॉपमधले असतात आणि त्यांना ही मर्यादा लागू नाही.

हातानं एकदा करून पाहा. हलक्या कणांसाठी सूत्र असं: इनव्हेरिअंट मासचा वर्ग = २ × एकाचा आडवा संवेग × दुसऱ्याचा आडवा संवेग × (ईटामधल्या फरकाचा कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन − फायमधल्या फरकाचा कोसाइन). ईटा म्हणजे पुंजाकडे किती झुकलंय ते, फाय म्हणजे पुंजाभोवतीचा कोन. सरावासाठी मी ही टक्कर रचली आहे (संवेग जीईव्हीमध्ये):

पहिलं बी-जेट: आडवा संवेग ९०, ईटा ०.४, फाय ०.२
दुसरं बी-जेट: आडवा संवेग ७०, ईटा −०.८, फाय २.९
धन लेप्टॉन: आडवा संवेग ६०, ईटा ०.९, फाय ०.९
ऋण लेप्टॉन: आडवा संवेग ४०, ईटा −०.३, फाय −२.६

पहिली वाटणी: पहिलं जेट धन लेप्टॉनबरोबर, दुसरं ऋण लेप्टॉनबरोबर. मास येतात ६२.६ आणि ४८.४. दोन्ही १५३ च्या खूप आत. दुसरी वाटणी: पहिलं जेट ऋण लेप्टॉनबरोबर १२५.८, दुसरं जेट धन लेप्टॉनबरोबर १६५.१. इथे एक मास मर्यादेबाहेर गेला, आणि वाटणी बाद व्हायला एकच पुरेसा असतो. पहिली वाटणी राहिली.

दुसऱ्या जेटच्या आणि ऋण लेप्टॉनच्या फायमधला फरक ५.५ येतो, जो वर्तुळावर खरं तर ०.७८ आहे. कोसाइनला त्यानं फरक पडत नाही, पण डेल्टा-आर, म्हणजे ईटा आणि फायमधल्या फरकांवरून येणारं दोन कणांमधलं अंतर, काढताना हा फरक वर्तुळावर गुंडाळून घेतला नाहीत तर शेजारचे कण एकमेकांपासून लांब दिसतील.

आता दहा हजार टक्करींचे दोन आलेख एकावर एक काढा, बरोबर जोड्यांचा आणि चुकीच्या जोड्यांचा. बरोबर जोड्यांचा आलेख १५३ पाशी कड्यासारखा तुटतो. चुकीच्यांचा शेपूट लांबवत पुढे जातो. हा कडा स्वतःच्या पडद्यावर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो चार-दोन टक्करींपुरता जरासा पाझरलेला दिसेल, कारण टॉप आणि डब्ल्यू दोघांनाही स्वाभाविक रुंदी आहे, म्हणजे त्यांचं वस्तुमान प्रत्येक टक्करीत थोडं इकडेतिकडे असतं. तेवढं चालेल.

पण आजीच्या पावत्या १५० आणि २२०, १२० आणि २०० अशा असत्या तर? कशाही लावल्या तरी कोणतीच बेरीज ५०० ओलांडत नाही. अशा टक्करी पुष्कळ निघतात. एम-बीएल तिथे गप्प बसतो आणि आपल्याला हरवलेल्या संवेगाकडे वळावं लागतं. आतापर्यंत आपण त्याला हातही लावलेला नाही.

दुसरं हत्यार: एमटी-टू, आणि त्याची मर्यादा का पाळली जाते

एकच न्यूट्रिनो असता तर काम सोपं होतं. १९८३ मध्ये सर्नला डब्ल्यू सापडला तेव्हा हेच झालं: लेप्टॉन आणि हरवलेला संवेग यांतून आडवा मास (फक्त आडव्या संवेगांवरून काढलेला मास) काढायचा, तो डब्ल्यूच्या वस्तुमानापुढे जात नाही. आपल्याकडे न्यूट्रिनो दोन आहेत आणि हरवलेला संवेग दोघांचा मिळून एकच कळतो. दोन नातवांचा बिनपावतीचा खर्च एकत्र माहीत असावा, पण कोणाचा किती ते कळू नये, तसं.

ख्रिस्तोफर लेस्टर आणि डेव्हिड समर्स यांनी १९९९ मध्ये यावर जो उपाय सुचवला तो एमटी-टू. हरवलेल्या आडव्या संवेगाची दोन वाट्यांत कल्पनेनं विभागणी करा. प्रत्येक विभागणीसाठी दोन्ही बाजूंचे आडवे मास काढा आणि त्यांतला मोठा लिहून ठेवा. मग सगळ्या शक्य विभागण्या चाळून या मोठ्या आकड्यांमधला सर्वांत लहान निवडा.

नवख्यांना ‘मोठ्यांतला लहान’ पाठ होतो, पण तसं का करायचं हे कळत नाही, म्हणून इथे थांबून विचार करा. चाळलेल्या विभागण्यांमध्ये एक खरी विभागणी आहेच, निसर्गात प्रत्यक्ष घडलेली. जोडी बरोबर असेल तर त्या खऱ्या विभागणीत दोन्ही बाजूंचे आडवे मास टॉपच्या वस्तुमानापेक्षा जास्त असू शकत नाहीत. म्हणजे त्यांतला मोठाही नाही. आणि आपण निवडलेला आकडा सगळ्यांत लहान असल्यानं तो या खऱ्या आकड्याहून मोठा नसणारच. म्हणून बरोबर जोडीचा एमटी-टू टॉपच्या वस्तुमानाच्या आत राहतो, आणि खरी विभागणी कोणती हे आपल्याला कधीच कळलं नाही तरी राहतो. चुकीच्या जोडीसाठी या युक्तिवादाची पहिलीच पायरी कोसळते. मला हा या क्षेत्रातला सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो, कारण अज्ञान जसंच्या तसं ठेवूनही तो एक पक्की गोष्ट हातात देतो.

एमटी-टू तीन प्रकारे काढता येतो आणि इथे गोंधळ होतो. फक्त दोन लेप्टॉन घेतले तर मर्यादा डब्ल्यूच्या वस्तुमानाची, ८०.४. फक्त दोन बी घेऊन डब्ल्यूंना अदृश्य मानलं, त्यांचं वस्तुमान ८०.४ धरलं आणि लेप्टॉनचे संवेग हरवलेल्यात मिळवले, तर मर्यादा टॉपची. दोन्ही खरे आहेत, पण कोणता लेप्टॉन कोणत्या बीचा हा प्रश्न त्यांत येतच नाही. त्यामुळे दोन्ही वाटण्यांना आकडा तोच मिळतो. जोडी लावायला बी आणि लेप्टॉन एकत्र घेतलेला तिसरा प्रकारच कामाचा.

हिशेबासाठी स्वतः किमान शोधणारा कोड लिहू नका. लेस्टर आणि बेंजामिन नॅकमन यांची दुभाजनाची पद्धत वेगवान आणि भरवशाची आहे आणि पायथनमध्ये तयार पॅकेज म्हणून मिळते. फक्त अदृश्य कणाचं वस्तुमान शून्य दिलंय ना आणि सगळे आकडे एकाच एककात आहेत ना, एवढं पाहा.

यापुढची पायरी एम-टू कुटुंबाची. यात संवेग आडवेच न ठेवता तिन्ही दिशांचे घेतात. दोन न्यूट्रिनोंचे सहा घटक, त्यांतले दोन हरवलेल्या संवेगानं बांधलेले, म्हणजे चार मोकळे. त्या चारांवर किमान शोधायचं, पण अटी घालून: दोन्ही जनकांचं वस्तुमान सारखं हवं, दोन्ही डब्ल्यूंचंही सारखं हवं. अट घातली की शोधायची जागा आक्रसते आणि किमान आकडा वर सरकतो किंवा तिथेच राहतो, खाली कधीच येत नाही. खरी विभागणी या अटी पाळतेच (वस्तुमानांच्या स्वाभाविक रुंदीपुरता अपवाद सोडून), म्हणून बरोबर जोडीचा आकडा वर सरकूनही टॉपच्या मर्यादेतच राहतो. चुकीच्या जोडीला मात्र लपायला जागा कमी उरते आणि ती जास्त वेळा पकडली जाते. हे हिशेब जड आहेत. आधी एमटी-टू हातात बसू द्या.

निर्णय कसा घ्यायचा

प्रत्येक टक्करीत दोन्ही वाटण्यांसाठी एम-बीएल आणि एमटी-टू काढून ठेवा. एकच वाटणी मर्यादा ओलांडत असेल तर दुसरी घ्या. ही तुमची सर्वांत भरवशाची पेटी. दोन्ही ओलांडत असतील तर बहुधा एखादं जेट टॉपमधलं नाहीच, टॉप तयार होण्याआधीच टक्करणाऱ्या हिश्शांमधून बाहेर फेकलं गेलेलं आहे किंवा टक्करच दुसऱ्या प्रकारची आहे. ती सोडून द्या.

दोन्ही मर्यादेत असतील तर ज्या वाटणीचा एमटी-टू लहान ती घ्या. चुकीच्या जोड्यांचा आकडा मोठा येण्याकडे कल असतो, म्हणून हे नाण्यापेक्षा चांगलं. पण हा कल आहे, पुरावा नव्हे. या टक्करी वेगळ्या पेटीत ठेवा आणि दोन्ही पेट्यांची शुद्धता वेगवेगळी सांगा. निवडलेल्यांपैकी किती बरोबर ती शुद्धता, आणि एकूणांपैकी किती टक्करींत निवड करता आली ती कार्यक्षमता. एकीशिवाय दुसरी सांगू नका, कारण टक्करी फेकत गेलात तर शुद्धता कितीही वाढवता येते.

टॉप वेगवान असेल तर यातलं बरंच लागतही नाही. जनकाचा आडवा संवेग ४०० जीईव्ही असेल तर त्याची अपत्यं साधारण दोनदा वस्तुमान भागिले संवेग, म्हणजे ०.८६ डेल्टा-आरच्या आत एकत्र राहतात. तिथे जवळचं ते आपलं, एवढा नियम पुरतो. टॉप जेमतेम तयार झालेले असतात तिथेच अपत्यं चारी दिशांना पांगतात आणि मर्यादांची खरी गरज लागते. म्हणून शुद्धतेचा एकच आकडा न देता ती टॉपच्या संवेगानुसार काढा.

हवं ते उत्तर देणारी जोडी निवडू नका

मुलांना मी हे प्रत्येक वेळी पुन्हा सांगतो. चार बी-जेटांच्या तीन वाटण्यांतून ज्यात दोन्ही मास १२५ जीईव्हीच्या, म्हणजे हिग्जच्या वस्तुमानाच्या, सर्वांत जवळ येतात ती निवडली, तर हिग्ज अजिबात नसलेल्या टक्करींतूनही १२५ ला टेकडी उभी राहते. ती टेकडी तुमच्या निवडीनं उभी केलेली असते. त्यापेक्षा दोन मासांमधला फरक सर्वांत कमी असलेली वाटणी घ्या. तिला १२५ हा आकडा माहीत नसतो.

हेच आपल्या १५३ लाही लागू आहे. त्या आकड्यात टॉपचं वस्तुमान आधीच घातलेलं आहे. टॉपचंच वस्तुमान मोजायचं असेल तर १५३ ची भिंत वापरू नका. दोन वाटण्यांच्या एमटी-टूची आपापसांत तुलना करा, तिला वस्तुमान लागत नाही. आणि एम-बीएल निवडीसाठी वापरला असेल तर नंतर एम-बीएलचाच आलेख परिणाम म्हणून दाखवू नका. त्यात दिसणारा कडा निसर्गाचा किती आणि तुमच्या कात्रीचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

याची परीक्षा सोपी आहे. ज्यांत टॉप नाही अशा टक्करी तयार करा, उदाहरणार्थ झेड या कणाबरोबर दोन बी-जेट, आणि निवडीचा तोच कोड त्यांच्यावर चालवा. निवडीआधी जो आलेख सलग उतरता होता त्यात निवडीनंतर कुठे उंचवटा आला का ते पाहा. आला असेल तर डिटेक्टरकडे बोट दाखवण्याआधी आपला नियम बदला.

डेल्फीसचा धूसरपणा चढवल्यावर

जेटची ऊर्जा डिटेक्टरमध्ये कमीजास्त मोजली जाते आणि हरवलेला संवेग तर सगळ्या चुकांची बेरीज घेऊनच येतो. त्यामुळे १५३ चा कडा उतार होतो आणि काही बरोबर जोड्याही बाहेर सांडतात. मर्यादा किती सैल करायची हे डोळ्यांनी ठरवू नका. मर्यादा पाच-पाच जीईव्हीनं वाढवत न्या, प्रत्येक वेळी शुद्धता आणि कार्यक्षमता काढा, आणि दोन्हींचा एक आलेख करा. सैल केल्यानं कार्यक्षमता कुठपर्यंत वाढते आणि शुद्धता कुठून घसरायला लागते ते त्यात दिसतं. या टप्प्यावर एमटी-टूचं नुकसान एम-बीएलपेक्षा जास्त होतं, कारण एम-बीएलला हरवलेला संवेग लागतच नाही. म्हणून मी मुलांना दोन्ही वापरायला लावतो आणि ते एकमेकांशी असहमत असलेल्या टक्करी वेगळ्या काढायला सांगतो. त्यातल्या वीसेक एकेक करून उघडून पाहिल्या की डिटेक्टर काय करतो हे जितकं कळतं तितकं सरासरीतून कळत नाही.

न्यूरल नेटवर्कवर यानंतरच जा. ती आज या कामासाठी सर्रास वापरतात आणि बऱ्याच वेळा जास्त चांगली निवडही करतात. पण तिच्याशी ताडून पाहायला हे दोन आकडे हातात असू द्या, आणि टॉप नसलेल्या टक्करींची परीक्षा तिलाही तशीच द्या.

पुढच्या रविवारपर्यंतचा गृहपाठ म्हणून मुलांना एवढंच दिलंय: वरच्या चार कणांच्या टक्करीत ऋण लेप्टॉनचा आडवा संवेग ४० वरून वाढवत न्यायचा आणि पहिल्या वाटणीचा एम-बीएल १५३ ओलांडायला तो किती करावा लागतो ते कागदावर काढायचं. तुम्हीही करून पाहा.